बाण नको, पत्ता सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

व्हिडिओ गेमची बातमी आपल्याकडे छापून येते ती बहुधा व्यसन, फसवणूक किंवा बंदीच्या निमित्ताने. गेम रचला कसा जातो, त्यात कुठे चुकते, पुढच्या गेमकडून खेळणाऱ्यांना काय हवे असते, यावर मराठीत फार कमी वाचायला मिळते. नाटकाच्या नेपथ्यावर आणि क्रिकेटच्या खेळपट्टीवर आपले वाचक हक्काने पत्रे लिहितात. त्याच हक्काने हे पत्र ‘द एल्डर स्क्रोल्स ६’ या येऊ घातलेल्या गेमविषयी.

ज्यांना ही मालिका ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेतील मेरिलँड राज्यातली बेथेस्डा ही कंपनी १९९४ पासून हे काल्पनिक जग उभे करत आली आहे. ‘अरीना’, १९९६ चा ‘डॅगरफॉल’, २००२ चा ‘मोरोविंड’, २००६ चा ‘ऑब्लिव्हियन’ आणि ११ नोव्हेंबर २०११ ला आलेला ‘स्कायरिम’ हे आतापर्यंतचे पाच मुख्य गेम. सहाव्याची घोषणा जून २०१८ मध्ये झाली. तेव्हा डोंगर आणि किनारा दाखवणारी जेमतेम अर्ध्या मिनिटाची झलक दिसली. मधल्या काळात मायक्रोसॉफ्टने ही कंपनी विकत घेतली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये तिचा अंतराळावरचा ‘स्टारफील्ड’ येऊन गेला. नवा गेम हॅमरफेल या वाळवंटी प्रांतात घडेल असा बहुतेकांचा अंदाज आहे, पण तो अंदाजच. प्रांत कुठलाही असो, खरा प्रश्न वेगळा आहे. दर नव्या गेमबरोबर या कंपनीने खेळाडूवरचा विश्वास थोडा थोडा कमी केला. तो परत मिळावा, एवढीच आमची मागणी आहे. हा विश्वास कुठे कुठे गेला, ते नेमके सांगायला हवे.

पहिली गोष्ट, रस्ता शोधण्याची. ‘मोरोविंड’मध्ये बोटीतून उतरल्यावर सेडा नीन या गावच्या चौकीतला अधिकारी तुमच्या हातात एक पाकीट देतो. बाल्मोराला जा, तिथे साउथ वॉल कॉर्नरक्लब नावाचा गुत्ता आहे, तिथे कायस कोसाडेसची चौकशी कर, इतकेच तो सांगतो. नकाशावर खूण नाही, डोक्यावर बाण नाही. गावाबाहेर उभ्या असलेल्या अजस्र किड्याच्या पाठीवर भाडे भरून बसा, नाहीतर पाट्या वाचत चालत जा. गुत्त्यात विचारले की घर कळते. पहिल्या तासाभरात खेळाडू गावाचा उतार, पूल, नदीची बाजू सगळे लक्षात ठेवू लागतो, कारण लक्षात ठेवल्याशिवाय गत्यंतर नसते.

‘ऑब्लिव्हियन’पासून होकायंत्रावर खूण आली आणि ‘स्कायरिम’मध्ये ती गेमचा कणाच झाली. खूण बंद करता येते, हे खरे. पण बंद केली की काम अडते, कारण काम सांगणारा माणूस पत्ताच सांगत नाही. ‘माझी तलवार चोरांनी नेली, आणून दे,’ एवढे म्हणून तो गप्प बसतो. गुहा कुठल्या डोंगरात, कुठल्या वाटेवर, हे संवादात नाही आणि नोंदवहीतही नाही. खेळाडू मग देखावा सोडून पडद्याच्या वरच्या कडेवरच्या ठिपक्याकडे बघत धावतो.

हे असे का झाले, त्याला कारण आहे. ‘मोरोविंड’मधले बहुतेक संवाद नुसते लिहिलेले होते. ‘ऑब्लिव्हियन’पासून प्रत्येक वाक्य नटाच्या आवाजात आले. ‘स्कायरिम’मध्ये अशी सुमारे ६०,००० वाक्ये आहेत, ‘स्टारफील्ड’मध्ये अडीच लाखांवर. ‘पुलापलीकडे डावीकडची दुसरी वाट’ असे एकदा ध्वनिमुद्रित झाले आणि नंतर नकाशाकाराने गुहा उजवीकडे हलवली, तर नटाला पुन्हा बोलवावे लागते. खूण मात्र गुहेबरोबर आपोआप हलते. अडचण खरी आहे, पण तोडगाही साधा आहे. आवाजात फक्त दिशा आणि एखादी ठळक खूण सांगावी: ‘उत्तरेला, पडक्या बुरुजाजवळ’. बारीकसारीक पत्ता चिठ्ठीत, हाताने काढलेल्या नकाशात किंवा नोंदवहीत लिहून द्यावा. लिहिलेला मजकूर शेवटच्या आठवड्यातही बदलता येतो. आणि गेम तपासणाऱ्यांपैकी काहींना खूण बंद ठेवूनच खेळायला बसवावे. त्यांना जे ठिकाण सापडणार नाही, त्याचा पत्ता अपुरा आहे असे समजावे.

‘मोरोविंड’ही निर्दोष नव्हता, हे मान्य करायला हवे. आर्कंगथँड या पडक्या वास्तूतली छोटीशी कोड्याची पेटी शोधताना असंख्य खेळाडू अडकले. इमारतीचा पत्ता मिळतो, पण पेटी आत कुठल्या कोनाड्यात आहे याचा मागमूस नाही. तिथे कुणा पात्राने ‘वरच्या बाजूच्या लहान खोल्याही बघ’ एवढे म्हटले असते तरी पुरले असते. तेवढ्यासाठी बाणाची गरज नव्हती.

दुसरी गोष्ट लेव्हलची, म्हणजे खेळाडूच्या पात्राच्या एकूण पातळीची, आणि इथे जरा आकडेमोड करावी लागेल. ‘ऑब्लिव्हियन’मध्ये तुम्ही सात मुख्य कौशल्ये निवडता. त्यांत मिळून दहा वाढी झाल्या की लेव्हल वाढते. लेव्हल वाढली की बळ, चपळाई, बुद्धी अशा आठ गुणांपैकी तीन वाढवता येतात. पण प्रत्येक गुण किती अंकांनी वाढेल, हे त्या गुणाखालची कौशल्ये मधल्या काळात किती वेळा वाढली त्यावर ठरते. एकदाही नाही तर १, एक ते चार वेळा तर २, पाच ते सात तर ३, आठ-नऊ तर ४, दहा किंवा जास्त तर ५. आता कुणी धावणे आणि उड्या मारणे ही मुख्य कौशल्ये म्हणून घेतली, तर नुसते हिंडण्याने लेव्हल भराभर वाढते, बळ मात्र जिथल्या तिथे राहते. दुसरीकडे लेव्हल वाढली म्हणून साऱ्या जगातले शत्रू तगडे होतात. मन लावून, नैसर्गिकपणे खेळणारा मार खातो आणि वहीत आकडे मांडून खेळणारा तरतो. रस्त्यावरचा भुरटा लुटारू हजारोंच्या किमतीचे काचेचे चिलखत घालून शंभर मोहरा मागतो, हे दृश्य याच हिशेबातून आले. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या नव्या रूपातल्या ‘ऑब्लिव्हियन’ने हा हिशेब काढून टाकला आणि दर लेव्हलला वाटून घ्यायला सरळ १२ गुण दिले. ते योग्यच झाले.

‘स्कायरिम’ने आठ गुण काढून तीन ठेवले: प्राण, मंत्रशक्ती आणि दम. पुढची लेव्हल गाठायला सध्याची लेव्हल गुणिले २५ अधिक ७५ इतके अंश लागतात. एखादे कौशल्य २० वरून २१ झाले की २१ अंश जमा होतात. म्हणजे लेव्हल १० वरून ११ वर जायला ३२५ अंश लागतात, मग ते तलवारीतून येवोत की घासाघीस करून माल विकण्यातून. इथेही तोच धोका आहे. लोहारकाम, किमया आणि सौदेबाजी यांवर वर चढलेल्या खेळाडूसमोर पहिल्याच खऱ्या लढाईत तयारीचे शत्रू उभे राहतात. त्यात भर अशी, की गुहेची काठिण्यपातळी तुम्ही पहिल्यांदा पाऊल टाकता त्या क्षणी तुमच्या लेव्हलनुसार गोठते. लवकर डोकावून गेलेली गुहा कायमची सोपी राहते. हा नियम गेम कुठेही सांगत नाही.

मागणी अशी: बहुतेक ठिकाणांची ताकद ठरलेली असावी. राक्षसाचे ठाणे पहिल्या दिवशी जीवघेणे आणि शंभराव्या दिवशी जिंकता येण्यासारखे असावे. मात्र त्याची कुणकूण आधी लागली पाहिजे. सरायीतल्या गप्पा, वाटेवरची हाडे, परत न आलेल्यांच्या वस्तू यांतून ती लागावी. ताकीद मिळूनही गेलात आणि मेलात, तर ती तुमची निवड.

निवडीचा विषय निघालाच आहे तर संघटनांबद्दल. ‘मोरोविंड’मध्ये मंत्रविद्येच्या संघात वरची पदवी मिळवायला ठरावीक गुण आणि ठरावीक कौशल्ये ठरावीक आकड्यापर्यंत न्यावी लागत. ‘स्कायरिम’च्या विंटरहोल्ड विद्यापीठात बोटांवर मोजण्याइतके मंत्र येणारा, तलवारीवर जगणारा गडीही मुख्य आचार्य होतो. पदाला किंमत राहत नाही, कारण ते कुणालाही नाकारले जात नाही. पात्रांच्या मरणाचेही तसेच. ‘स्कायरिम’मध्ये कथेला लागणारी कितीतरी पात्रे मरतच नाहीत. गुडघ्यावर बसतात, दम घेतात, उठतात. ‘मोरोविंड’मध्ये महत्त्वाचे पात्र मेले तर गेम एवढेच कळवत असे की भविष्यवाणीचा धागा तुटला आहे, जुना सेव्ह (आधी साठवून ठेवलेला खेळ) उघडा किंवा या बिघडलेल्या जगात तसेच पुढे जा. ती सूचना पुरेशी होती. नव्या गेममध्ये निदान तसा पर्याय तरी असावा.

नकाशाच्या आकाराबद्दल फार लिहायला नको. ‘डॅगरफॉल’चा प्रदेश ग्रेट ब्रिटनएवढा सांगितला जाई, गावे पंधरा हजारांवर, आणि त्यातली बहुतेक यंत्राने एकाच साच्यातून काढलेली. ‘स्टारफील्ड’मध्ये हजारावर ग्रह आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या ग्रहावर तेच ठाणे, त्याच खोल्या आणि त्याच टेबलावर तीच चिठ्ठी सापडली की शोधाची हौस विरते. ‘स्कायरिम’चा नकाशा यांच्यापुढे चिमुकला, पण त्यातल्या गुहा माणसांनी हाताने मांडल्या आहेत. कोपऱ्यात पडलेला सांगाडा, त्याच्या हाताजवळची बाटली आणि जमिनीवरचा सापळा यांवरून तिथे काय घडले ते कळते. नवा गेम त्याच आकाराचा असला तरी चालेल.

शहरे मात्र उघडी हवीत. ‘ऑब्लिव्हियन’पासून तटबंदीची शहरे वेगळ्या पेटीत ठेवली जातात. दरवाजा उघडला की लोडिंगचा पडदा येतो. यामुळे ‘मोरोविंड’मधला हवेत तरंगण्याचा मंत्रच काढून टाकावा लागला, कारण वरून तट ओलांडला असता तर आत रिकामा, ओबडधोबड देखावा दिसला असता. कथेत त्यासाठी तरंगण्यावर बंदी घालणारा कायदा झाल्याचे दाखवले. पुढे ‘स्कायरिम’मधून स्वतःचे मंत्र जुळवण्याची वेदीही गेली. परिणाम, तीव्रता, व्याप्ती आणि वेळ ठरवून आपला मंत्र आपण घडवायचा आणि त्यानुसार मंत्रशक्ती मोजायची, ही या मालिकेची सर्वांत सुंदर कल्पना होती. तिच्यात पळवाटा होत्या, हे कबूल. पाच वस्तूंवर प्रत्येकी २० टक्के अदृश्यतेचा संस्कार केला की ‘ऑब्लिव्हियन’मध्ये कुणाला तुम्ही दिसतच नाही. पण ती पळवाट शोधून काढणाऱ्याने गेमचा अभ्यास केलेला असतो. एकट्याने खेळायच्या गेममध्ये त्यात कुणाचे नुकसान होते?

आता यंत्रणेकडे. मूळ ‘स्कायरिम’मध्ये वस्तूंच्या हालचालीचे गणित सेकंदाच्या साठाव्या भागाशी बांधलेले आहे. पडद्यावर सेकंदाला ६० हून जास्त चित्रे येऊ लागली की खोलीत शिरताच ताटे, वाट्या, पावाचे तुकडे उडतात. सुरुवातीची बैलगाडीच्या धाटणीची घोडागाडीसुद्धा कोलांट्या खाते. आज १४४ चित्रांचे पडदे सर्रास मिळतात. हे गणित चित्रांच्या वेगापासून पूर्ण वेगळे असले पाहिजे. दुसरी गोष्ट सेव्ह फायलीची. तुम्ही हलवलेली प्रत्येक वस्तू आणि बदललेले प्रत्येक पात्र तिच्यात नोंदले जाते, आणि ती फुगत जाते. प्लेस्टेशन ३ या गेम खेळण्याच्या यंत्रात मुख्य स्मृती होती २५६ एमबी. तिथे बरेच तास खेळून झाले की फाईल काही एमबींवर गेल्यावर गेम अडखळत अडखळत खेळण्याच्या पलीकडे जाई. नोंदींची साफसफाई नेमाने करणारी व्यवस्था पहिल्या दिवसापासून हवी.

आता ज्या कारणाने ‘स्कायरिम’ दीड दशक जिवंत राहिला, त्याकडे वळू. ते कारण म्हणजे मॉड. खेळाडूंनीच केलेले बदल, नवी गावे, दुरुस्त्या. ‘मोरोविंड’च्या संगणक आवृत्तीबरोबर हे करण्याची अवजारे डिस्कवरच मिळाली होती. ‘स्कायरिम’ची अवजारे तीन महिन्यांनी, फेब्रुवारी २०१२ मध्ये आली. ‘स्टारफील्ड’ची नऊ महिन्यांनी, जून २०२४ मध्ये. तोवर उत्साह ओसरलेला असतो. सहाव्या गेमची अवजारे गेमबरोबरच मिळावीत.

मॉड करणाऱ्यांच्या अडचणी बारीक आहेत, म्हणून त्या नीट सांगाव्या लागतील. गेममधल्या प्रत्येक वस्तूला आठ अंकी ओळखक्रमांक असतो आणि त्यातले पहिले दोन अंक ती कुठल्या फायलीतली, म्हणजे मूळ गेमच्या की एखाद्या मॉडच्या, ते सांगतात. हे अंक सोळाच्या पायाचे, म्हणजे दोन अंकांत २५६ शक्यता. शेवटचा क्रमांक खेळताना तयार होणाऱ्या वस्तूंसाठी राखलेला. म्हणून मूळ गेमसकट २५५ फायलींवर गाडी थांबते. नंतर एक क्रमांक ‘हलक्या’ फायलींना देऊन त्यात ४,०९६ बसवल्या. नव्या गेममध्ये ही मर्यादा पायातच नसावी.

दुसरे, एका मॉडने सरायवालीचा चेहरा बदलला आणि दुसऱ्याने तिची दिनचर्या, तर दोघांनी एकाच नोंदीला हात लावलेला असतो. जी फाईल नंतर वाचली जाते तिचे चालते. पहिल्या मॉडचा बदल गुपचूप नाहीसा होतो, चूक झाल्याचा इशाराही येत नाही. सध्या दोन्ही नोंदी शेजारी मांडून, प्रत्येकीतले हवे ते घेऊन तिसरी फाईल हाताने करावी लागते. चेहरा आणि दिनचर्या हे वेगवेगळे रकाने आहेत. गेमने स्वतःच रकान्यागणिक जुळवणी करावी, आणि खरा तंटा असेल तिथेच विचारावे. चालू सेव्हमधून मॉड काढला की त्याच्या अर्धवट आज्ञा फायलीत पडून राहतात आणि पुढे केव्हातरी गेम कोसळतो. त्या पुसण्याची सोयही यातच यावी.

तिसरे, अपडेट. मोठे मॉड गेमच्या मुख्य फायलीतल्या ठरावीक पत्त्यांना चिकटलेले असतात. फाईल बदलली की पत्ते बदलतात. ‘स्कायरिम’च्या नोव्हेंबर २०२१ मधल्या १.६ अपडेटनंतर असंख्य खेळाडू मुद्दाम १.५.९७ या जुन्या आवृत्तीवरच थांबले. जुनी आवृत्ती ठेवण्याचे बटण अधिकृतपणे द्यावे, म्हणजे हा खटाटोप संपेल. आणि पैशांचे काय? एप्रिल २०१५ मध्ये स्टीम या गेमविक्रीच्या ऑनलाइन दुकानात ‘स्कायरिम’च्या विकाऊ मॉडचा प्रयोग झाला. करणाऱ्याला २५ टक्के, बाकी स्टीमच्या कंपनीला आणि बेथेस्डाला. चार दिवसांत तो गुंडाळला गेला. मेहनतीचा मोबदला मिळायला हरकत नाही, पण मोठा वाटा मेहनत करणाऱ्याचा असावा आणि फुकट वाटण्याची वाट खुली राहावी.

जागेचा प्रश्न आपल्याकडे विशेष जाणवतो. २०११ च्या ‘स्कायरिम’ला ६ जीबी पुरत. ‘स्टारफील्ड’ला १२५ जीबी लागतात, तेही एसएसडी या वेगवान साठवणीवर. ५० एमबीपीएसची जोडणी अखंड चालली तरी एवढे उतरवायला साडेपाच तास जातात, आणि दैनंदिन मर्यादेच्या मोबाइल डेटावर तर विषयच संपला. ‘स्कायरिम’ने जास्त रेखीव चित्रे वेगळा, ऐच्छिक संच म्हणून फुकट दिली होती. तसेच पुन्हा करावे. दुसऱ्या भाषांतले आवाजही मागितल्याशिवाय उतरू नयेत.

शेवटी भाषा. ‘स्कायरिम’ अधिकृतपणे एकाही भारतीय भाषेत आला नाही. नवा गेम मराठीत येईल अशी आशा आम्ही करत नाही. पण मराठी भाषांतर करू पाहणाऱ्या खेळाडूंच्या वाटेतले दगड कंपनीने आताच, पाया घालतानाच दूर करावेत. अक्षरे जुळवण्याची व्यवस्था हवी. ‘कि’मधली वेलांटी उच्चारात नंतर आणि दिसायला आधी येते, ‘क्ष’, ‘ट्र’, ‘र्‍य’ एकमेकांत मिसळतात. हार्फबझ ही मुक्त प्रणाली हे काम फुकट करते. ती गेममध्ये घालून टंक बदलण्याची मुभा द्यावी.

त्याहून अवघड आहे ती वाक्यरचना. गेम स्वतः नेमून देतो त्या कामांत एक साचा असतो आणि ठिकाणाचे नाव त्यात आयत्या वेळी भरले जाते. इंग्रजीत नाव जसेच्या तसे बसते. मराठीत गुहा असेल तर ‘गुहेतल्या’, किल्ला असेल तर ‘किल्ल्यातल्या’, खाण असेल तर ‘खाणीतल्या’ टोळीप्रमुखाला मारायचे असते. ‘गुहा येथील टोळीप्रमुख’ असे लिहून वेळ निभावता येईल, पण सरायवाला तहसील कचेरीतल्या सूचनेसारखा बोलू लागेल. म्हणून प्रत्येक नावासोबत त्याचे सामान्यरूप लिहायला एक जादा रकाना हवा. विशेषणांचेही तसेच. गंजका बाण, गंजकी तलवार, गंजके चिलखत. वस्तूचे लिंग नोंदवायला जागा नसेल तर यांपैकी दोन नावे कायम चुकीची छापली जातील. आणि ‘आलास एकदाचा’ की ‘आलीस एकदाची’, हे खेळाडूने पुरुष पात्र घेतले की स्त्री यावर ठरते. दरबारात गेल्यावर तेच ‘आलात’ व्हावे लागते. पात्राचे लिंग गेमला माहीतच असते. एका वाक्याची तीन रूपे ठेवण्याची सोय भाषांतराच्या फायलीत द्यावी. रशियन आणि पोलिश आवृत्तीतल्या भाषांतरकारांनाही तिचा उपयोग होईल.

आपले,
गेम खेळणारे काही वाचक